पहिले आवाज, मंग ओठ

बसा दीदी. पंक्चर निघेपर्यंत चहा घ्या, तवर एक गोष्ट सांगतो. सिलतऱ्याच्या कारखान्यांचा हा धूर विसरून जाल, अशी. फक्त मधात हव-हव करत हुंकारा देऊ नका. काहून, ते शेवटी सांगतो.

मी प्रताप. पाचवीत शाळा सुटली, मंग गाडीच चालवली. पहिले छत्तीसगढी पिक्चरवाल्यांची व्हॅन होती माझ्याकडं. त्या पिक्चरांत अपर्णा म्हणून हिरोईन होती. बाप आपल्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातला मराठी, माय रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन. डोळे भुरे, दिसायले एकदम झकास. पण छत्तीसगढी बोलली की सारं युनिट हसे. म्हणून पडद्यावर तोंड तिचं अन् आवाज माझ्या बायकोचा. राधा गुढियारी मोहल्ल्यातली, पक्की छत्तीसगढी पोट्टी. स्टुडिओत काचेमागं उभी राहून अपर्णाच्या ओठाले आवाज जुळवे. घरी येऊन मले चिडवे, "तुझ्या मेमसाबले मी बोलती केली!"

पिक्चर बंद पडले. अपर्णा पुण्याले शिकून आली, नव्या रायपुरात मनाच्या दुखण्याची काउन्सलर झाली. राधा मागच्या उन्हाळ्यात गेली. हार्ट. मी जेवण सोडलं, बोलणं सोडलं. पोरगी गंधाली, तिले मराठी समजते पण बोलते हिंदीत. म्हणाली, "बाबा, आप चल रहे हो. बस."

घेऊन गेली मले अपर्णाकडं. तिच्या खोलीत एसी, पडदे, पाण्याचा जग. खिडकीबाहेर चौडा रोड, एक माणूस नाही. "प्रतापभैया, घाई नाही," ती आपल्या बारीक आवाजात म्हणाली.

मंग आवाज आला. "भात खाए हस?"

राधाचा. तोच, जरासा बसका. रोज जेवणाच्या टायमाले मले हेच विचारे.

मी अपर्णाकडं पाहिलं. तिचे ओठ बंद होते. मंग हलले. आवाज होऊन गेल्यावर. डबिंगमधी ओठ पहिले असते, आवाज मागून जुळवा लागते. इथं उलटं.

"काही म्हणाले का भैया?" तिनंच मले विचारलं.

हव नका म्हणू दीदी, सांगितलं ना! घ्या, अजून अर्धा कप घ्या.

मी पुन्हा गेलो. पुन्हा पुन्हा गेलो. मले काय, बायको भेटून राहिली होती. पण अपर्णा सुकत चालली. एक दिवस तिनं दारातच हात जोडले. घशातून नुसती हवा, कुजबुजल्यासारखी.

"भैया, फोनवर माय मले ओळखत नाही. माझा आवाजच सापडून नाही राहिला. राधाले जा म्हणा. तुमचं ऐकंल ती."

बसलो समोर.

"राधा," म्हटलं, "पुरे आता. तू..."

"घरी काहून नाही नेत मले?"

मंग ओठ हलले.

'जा' म्हणता नाही आलं दीदी. मी म्हटलं, "चल."

अपर्णा खोकलली अन् रडाले लागली. आपल्या आवाजात.

गंधाली बाहेर गाडीतच होती, मागच्या सीटवर. सिग्नलवर थांबलो.

"भात खाए हस?"

आरशात पाहिलं. पोरीचे ओठ बंद होते.

मंग हलले.

तवापासून पोरगी कॉलेजात तोंड उघडत नाही. मैत्रिणी घरी येणं बंद. मी रोज विनवलं, पोरीले सोड, मले धर.

आज सकाळी गंधाली पळत आली. "बाबा, मेरी आवाज़ आ गई!" खरंच तिची. ओठासंगच. ती हसून राहिली होती, अन् मी आरशासमोर उभा राहून बोलून पाहिलं. माझेही ओठ बरोबर.

मंग गेली कुठी?

तेवढ्यात तुम्ही आल्या, भाड्याची गाडी विचारत. पहिल्यांदाच आल्या, तुमचा आवाज मुळातच असा जरासा बसका असते का, मले का माहीत? अन् मघाशी तुम्ही हव म्हणाल्या, तवा मी कपात चहा ओतत होतो. ओठ नाही पाहिले.

एक डाव पुन्हा म्हणा दीदी. हळू. इकडं माझ्याकडं पाहून.