नात्याचं दुसरं टोक

सत्यशीलाने वीस वर्षं वॉर्डात काढली होती, त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी तिला पाठ होत्या आणि एकीवरही तिचा विश्वास नव्हता. कंबर धरायला लागली तशी तिने नर्सिंग सोडलं आणि २००५ साली कर्वेनगरातल्या एका छोट्या कंपनीत बैठं काम धरलं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर बारा संगणक. एका परदेशी गिऱ्हाइकासाठी तिथे वैद्यकीय शब्दांचा कोश तयार होत होता.

कोश म्हणजे नुसते अर्थ नव्हेत. प्रत्येक शब्दाची नोंद करायची, तिला क्रमांक द्यायचा आणि तिचं दुसऱ्या नोंदीशी नातं जोडायचं. कावीळ हे लक्षण, यकृत ही जागा. तयार नाती पुरेनात तेव्हा गिऱ्हाइकाने नवी करायची परवानगी दिली, आणि सत्यशीलाने पहिलंच नातं केलं: ‘वाट पाहतो’. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू नसेत दडून बसतो आणि तीस वर्षांनी नागीण होऊन उठतो. त्याला दुसरा शब्द तिला सुचला नाही.

सोमवारी त्या नात्याच्या यादीत दोन बिननावाच्या नोंदी दिसल्या. ४४७१ आणि ४४७२. पहिलीवर सव्वीस नाती होती आणि मर्यादा पंचवीसची, म्हणून ती लाल झाली होती. सव्विसावं नातं असं होतं: मेंदूज्वर, वाट पाहतो, ४४७१.

“दत्तप्रसाद, ह्या नोंदी कुणी टाकल्या? आणि मेंदूज्वर कधी वाट पाहतो का? तो येतो तो दाणकन येतो.”

संगणकाची व्यवस्था बघणाऱ्या दत्तप्रसादने मान वर केली नाही. “मॅडम, नाती तुम्ही जोडता. मी फक्त वीज गेली की शिव्या खातो.”

“मग काढून टाका.”

“काढता येत नाही. दुसरं टोक मोकळं राहिलं तर कोश चालत नाही. शेजारी सरकवा आणि जेवायला चला.”

४४७२ वर पाच-सहाच नाती होती. तिने ती उघडूनही पाहिली नाही. नातं सरकवलं, लाल रंग गेला, आणि ती डबा घेऊन उठली.

बुधवारी तिच्या मुलीला, अपेक्षाला ताप भरला. तेरा वर्षांची पोर, एरवी घर डोक्यावर घेणारी, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बिबवेवाडीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि सांगितलं, मान आखडली तर तडक दवाखान्यात आणा. गुरुवारी सकाळी पोरीला सासूबाईंच्या हवाली करून सत्यशीला कामावर आली. शुक्रवारी कोश पाठवायचा होता, दुपारपर्यंत आटपून ती परत निघणार होती. हात कळफलकावर होते, जीव घरी होता.

अकरा वाजता सासूबाईंचा, सुंदराबाईंचा फोन आला. “मान वाकंना गं पोरीची. रिक्षा बघू का?”

“बघा. मी निघालेच.”

संगणक बंद करता करता तिची नजर ४४७२ वर गेली. तिथे काहीच लाल नव्हतं. का कुणास ठाऊक, तिने उघडली.

डाव्या कानामागे तीळ. पेनिसिलिनची ॲलर्जी. उजव्या गुडघ्यावर तीन टाके.

कात्रजच्या सर्पोद्यानाबाहेर अपेक्षा पायरीवरून घसरली होती. ते टाके घालताना पाय सत्यशीलानेच धरला होता.

आणि खाली, तिनेच लावलेलं: मेंदूज्वर, वाट पाहतो.

तिने ४४७१ उघडली. कंबरेचं दुखणं. सिझेरियनचा व्रण. उजव्या तर्जनीवर इंजेक्शनच्या काचेने कापल्याची जुनी खूण.

तिने बोटाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

जे तिच्यासाठी थांबलं होतं, ते तिने जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत, स्वतःच्या पोरीकडे सरकवलं होतं.

तिने पुसून पाहिलं. पुसलं जाईना. ‘दुसरं टोक द्या,’ पडदा म्हणाला. कुठलाही एक क्रमांक टाकून सुटता आलं असतं. पण तो कुणाचा, हे तिला आता कधीच विसरता आलं नसतं.

तिने ४४७१ टाकला.

‘नक्की?’

“नक्की,” ती मोठ्याने म्हणाली. दत्तप्रसादने पहिल्यांदाच मान वर केली.

जिना उतरेपर्यंत मोबाइल वाजला. “घाम फुटला गं पोरीला!” सुंदराबाई रडत होत्या. “उठून बसली, पेज मागतीय. घे, बोल.”

सत्यशीला झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. आनंदाने तिला रडू फुटलं.

“आई,” अपेक्षाचा आवाज बारीक पण स्वच्छ होता. “पायाशी बसलेले काका गेले.”

“कुठले काका, बाळा?”

“कालपासून होते. आजीला दिसतच नव्हते. आत्ता उठले. आई कुठल्या बसने येते, विचारत होते.”

“मग?”

“मग काय, सांगितलं मी.”