अम्मिणीचं निळं दार

शुक्रवारी तीनच्या बोटीनं छापखान्यात कागद पोचवायचे, एवढंच काम होतं. आमच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती आणि रविवारच्या लेखनवर्गातल्या मंडळींच्या गोष्टींची पुस्तिका निघायची होती. वर्ग मी घेतो. गाव मला माष म्हणतं, म्हणजे मास्तरच. शाळेतून निवृत्त झालो तरी खोड गेलेली नाही. दुसऱ्याचा कागद दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

वर्गात अकरा जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. पौलोस बसचा कंडक्टर होता. त्याच्या प्रत्येक गोष्टीत बस असते आणि शेवटी ती दरीत जाते. आमच्या या खाडीकाठच्या सपाट मुलखात दरी कुठली, हे तो मनावर घेत नाही. आणि अम्मिणी. ही काथ्या वळायची, अक्षरं शिकली तीच पन्नाशीत. तिचा नवरा वासवन नऊ वर्षांपूर्वी नारळाची सोडणं भरून होडी घेऊन गेला. होडी सापडली. तो सापडला नाही.

पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं, इथे घडलेलं लिहायचं नाही, रचून लिहायचं. अम्मिणी दर रविवारी एकच गोष्ट लिहून आणायची. दिवेलागण झाली. निळ्या दारावर दोनदा टकटक झाली. मग खोकला. मग बाहेरून तो म्हणाला, अम्मिणी, पेज आहे का? मी म्हटलं, आहे. इथे गोष्ट संपायची.

"दार उघड की," मी म्हणायचो.

"नको, माष."

"अगं, गोष्ट दारात किती दिवस उभी ठेवशील? वाचणारा ताटकळतो."

"ताटकळू दे. तो नऊ वर्षं ताटकळतोय, कधी कुरकुर केली नाही."

पौलोस तिला चेची, म्हणजे ताई, म्हणायचा. तो म्हणाला, "चेची, आत घेत नसशील तर माझ्या बसमध्ये बसव त्याला."

"तुझ्या बसमध्ये? एकदा बुडाला तेवढं पुरे."

सगळे हसले. मीही हसलो. बाई छान रचते, असं मला वाटत होतं.

त्या शुक्रवारी धक्क्यावर बोटीची वाट बघताना मी तिचा कागद काढला. शेवटाखाली चार बोटं जागा मोकळी होती. मला राहवलं नाही. लाल पेनानं लिहिलं: तिनं कडी काढली. दारात वासवन उभा होता. हातात भिजलेली काळी छत्री, एक काडी मोडलेली, मुठीला हिरवी नाडी बांधलेली. छत्री मी मनानं घातली. बारकावे हवेत, असं मीच वर्गात सांगत असतो. कागद छापखान्यात दिले आणि संध्याकाळच्या बोटीनं परत आलो.

मी एकटाच राहतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी शारजाला. दिवा लावून चहा टाकत होतो, तेवढ्यात वास आला. पाण्यात कुजत घातलेल्या सोडणांचा वास आमच्या गावाला नवा नाही, पण माझ्या स्वयंपाकघरात तो कधी शिरला नव्हता. मग दारावर दोनदा टकटक झाली. मग खोकला, विडी ओढणाऱ्याचा.

"अम्मिणी... पेज आहे का?"

चहा उतू गेला. बऱ्याच वेळानं बांधावरून पावलं दूर गेली.

दुसऱ्या दिवशी अम्मिणी आली. रडून डोळे सुजले होते.

"माष, काल तो आला नाही," ती म्हणाली. "नऊ वर्षांत पहिल्यांदा."

मी सगळं कबूल केलं. लाल पेन, कडी, छत्री.

"त्याच्याकडे छत्री कधी नव्हतीच," ती म्हणाली. "माडाच्या झापाची टोपी घालायचा." मग म्हणाली, "मी उघडत नव्हते, कारण उघडलं की संपलं. बाहेर होता तोवर रोज येत होता. मी दोघांची पेज करत होते. कडी तुम्ही काढलीत, आता तो तुमच्याकडेच येणार."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी छापखान्यातून कागद परत आणला, माझ्या ओळी खोडल्या. फरक पडला नाही. संध्याकाळी टकटक माझ्याच दारावर झाली.

मग अम्मिणी दिवेलागणीला माझ्याकडे येऊन बसू लागली. गावात कुजबुज झाली, होऊ दे. ती दाराकडे तोंड करून जमिनीवर बसायची. टकटक, खोकला, तो प्रश्न. ती हळूच म्हणायची, "आहे." मग पावलं जायची आणि ती पदरानं डोळे पुसायची. पाचव्या दिवशी तिनं आपली वही माझ्यापुढे ठेवली.

"तुम्ही बिघडवलंत, तुम्हीच लिहा. त्याला माझ्या घरी पाठवा."

मी लिहिलं: तो माषच्या दारावरून वळला, बांधानं चालत अम्मिणीच्या निळ्या दाराशी आला. आणि तिथेच थांबलो. तिनं ते दोनदा वाचलं, वही छातीशी धरली आणि गेली.

त्या संध्याकाळी माझ्या दारावर कुणी आलं नाही. मला गाढ झोप लागली, हे सांगायलाही आता कसंसंच वाटतं.

सकाळी पौलोस बोलवायला आला. अम्मिणीचं निळं दार सताड उघडं होतं. कडी आतून काढलेली. चुलीजवळ पेजेची दोन ताटं, दोन्ही स्वच्छ पुसून खाल्लेली. तिच्या चपला उंबऱ्याशी, वासवनची होडी जागच्या जागी बांधलेली. ती कुठेच नव्हती. वही उघडी होती, आणि माझ्या ओळीखाली तिच्या मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं: मी कडी काढली.

"माष, ही कुणाची हो?" पौलोसनं विचारलं.

दाराबाहेर भिंतीला टेकून काळी छत्री होती. एक काडी मोडलेली. मुठीला हिरवी नाडी. मार्च महिना, दोन महिन्यांत पावसाचा थेंब नाही, आणि छत्रीखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं.

पोलीस आले, खाडीत गळ टाकले, काही लागलं नाही. जाताना हवालदार म्हणाला, "छत्री ठेवा तुमच्याकडे, माष. तुमचं घर धक्क्याजवळ. कुणी मागायला आलं तर देऊन टाका."

ती माझ्या ओसरीत उघडून ठेवली आहे. आज अकरा दिवस झाले. ऊन कडक आहे, तरी ठिबकते.

रविवारचा वर्ग मी बंद केलेला नाही. फक्त लाल पेन पौलोसला देऊन टाकलं. त्याच्या नव्या गोष्टीत बस दरीत गेली तेव्हा मी म्हटलं, छान आहे, राहू दे.

आणि काल दिवेलागणीला दारावर दोनदा टकटक झाली. मग खोकला. मी श्वास धरून उभा राहिलो. पेजेचं कुणी विचारलं नाही. त्या खोकल्याच्या मागून बाईमाणसाचा आवाज आला, ओळखीचा, थोडा हसरा.

"माष... गोष्ट दारात किती दिवस उभी ठेवाल?"

मी इथपर्यंत लिहिलं आहे. पुढचं लिहिणार नाही.