बदकबाईंचा आवाज

जर्मनीहून आलेल्या पाहुण्याला भक्तीने दारातच हसून "गुड बाय, सर" म्हटलं, आणि तो बिचारा खरोखरच मागे वळून लिफ्टकडे चालू लागला.

साहेबांनी धावत जाऊन त्याला परत आणलं, चहा पाजला. सगळे हसले, पाहुणाही हसला, विषय तिथेच संपला. भक्तीसाठी मात्र तो आत्ता कुठे सुरू होत होता. तिने चेहरा कसाबसा सरळ ठेवला, टेलिफोनजवळ दुसऱ्या मुलीला बसवलं आणि जिना गाठला.

नोएडातल्या त्या नव्याकोऱ्या इमारतीचा जिना ही तिची हक्काची जागा. दुसऱ्या मजल्यावर तिची कंपनी होती, तयार कपडे परदेशी पाठवणारी. वरचे मजले अजून अर्धेमुर्धे रिकामे, भिंतींना ओल्या चुन्याचा वास. काही चुकलं की भक्ती तिथे जाऊन स्वतःची हजेरी घ्यायची... मोठ्याने आणि मराठीत. खाली सगळे पंजाबी, बिहारी, गढवाली. कुणाला काय कळणार?

"मठ्ठ आहेस तू," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "ठार मठ्ठ. दारात आलेल्या माणसाला गुड बाय म्हणतात? तुझ्या जागी एखादी म्हैस उभी केली असती ना, तिने बरं स्वागत केलं असतं."

"म्हशीला मध्ये कशाला ओढता?" वरून आवाज आला. "तिने काय केलंय?"

भक्ती दचकली. वरच्या पायरीवर कागदाच्या पुडीतल्या शेंगा सोलत एक तरुण बसला होता. विस्कटलेले केस, कोपरांवर विरलेला स्वेटर, गळ्यात हेडफोन.

"तुम्ही... मराठी आहात?"

"पुण्याचा. उल्हास. तिसऱ्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. शेंगा घ्या."

तिला वाटलं, जिना दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. जिना मजबूत होता. तिने मुकाट्याने एक शेंग घेतली.

"रागावू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही फार सुंदर बोलता."

"मी स्वतःला शिव्या देत होते."

"तेच म्हणतोय. इतक्या मनापासून रागावणारा आवाज मी महिनाभर शोधतोय."

मग त्याने सांगितलं. नवीन केबल चॅनेलसाठी तो एक परदेशी कार्टून मराठीत करत होता. तळ्याकाठच्या शाळेची गोष्ट. बेडूक, खारी, कासवं असे सगळे आवाज जमले होते. शाळेच्या खाष्ट बाई, म्हणजे बदकबाई, तेवढ्या राहिल्या होत्या.

"मला नाही जमणार," भक्ती म्हणाली. "माझं मराठी कच्चं आहे. आम्ही कँटोन्मेंटमध्ये वाढलो. आप्पा फौजेत आहेत, सुभेदार. घरी मराठी, बाहेर सगळं हिंदी. मला अर्धे शब्द येतच नाहीत, यार."

"म्हैस आली, मठ्ठ आलं. बदकाला याहून जास्त काय लागतं?"

ती हसली, आणि आपण हसलो याचाही तिला राग आला.

तरी दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती तिसऱ्या मजल्यावर गेलीच. स्टुडिओ म्हणजे एक खोली. प्रतिध्वनी उठू नये म्हणून भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधे काच. काचेच्या एका बाजूला ती आणि माइक, दुसऱ्या बाजूला उल्हास आणि त्याची यंत्रं. समोरच्या टीव्हीवर चष्मा लावलेलं एक लठ्ठ बदक चोच उघडमीट करत होतं.

पहिलं वाक्य तिने चुकवलं. "सॉरी. मूर्ख आहे मी." दुसऱ्यांदा बदकाची चोच मिटली तरी ती बोलतच राहिली. "बघितलंत? सांगितलं होतं मी." तिसऱ्यांदा वाक्य छान आलं, पण 'चोच'मधला 'च' हिंदीतल्यासारखा लागला, आणि तिने कपाळावर हात मारला. तो माइकमधून असा काही घुमला की उल्हासने हेडफोन कानावेगळे केले.

"असं करू," तो शांतपणे म्हणाला. "या खोलीत स्वतःला हवं तेवढं बोला. पण बदकाच्या आवाजात."

"म्हणजे?"

"म्हणजे मूर्ख, मठ्ठ, काय हवं ते. फक्त नाकातून."

भक्तीला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. तिने काचेतून रोखून पाहिलं. तो अगदी गंभीर होता, फक्त डोळे तेवढे...

पुढची चूक झाली. तिने श्वास घेतला आणि नाक दाबून म्हणाली, "मठ्ठ आहेस तू, भक्ती. ठार मठ्ठ. अक्कल तळ्यात सोडून आलीस वाटतं."

म्हणता म्हणता तिला मधेच हसू फुटलं. त्या आवाजात ते शब्द इतके पोकळ वाटले, इतके फुगलेले... जणू खरंच कुणी लठ्ठ बाई पंख आपटत तिच्याभोवती फेऱ्या मारत होती. काचेपलीकडे उल्हास टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

त्यानंतर संध्याकाळी सुटली की भक्ती वर यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो चुकून चहात मीठ घालायचा, ती त्याला बदकाच्या आवाजात वर्गाबाहेर उभं करायची, आणि तो खरोखर दाराबाहेर जाऊन कान धरून उभा राहायचा. एकदा तो तसा उभा असताना तिच्याच कंपनीचे साहेब वरची रिकामी जागा बघायला जिन्यातून गेले. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ते लिफ्ट वापरू लागले.

काचेतून मात्र तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायचा. ती वर पाहायची, तेव्हा तो कुठलं तरी बटण फिरवायचा. त्या बटणाने काहीच होत नसे, हे तिला आता माहीत झालं होतं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "पहिल्या दिवसाची टेप ऐकतेस? मी काही कापलेलं नाही."

तिने हेडफोन चढवले. कानात एक मुलगी घाबरत घाबरत वाक्य म्हणत होती. बरं म्हणत होती खरं तर. आणि प्रत्येक वाक्यामागून कुणीतरी तिच्यावर तुटून पडत होतं. मूर्ख. बघितलंत? सांगितलं होतं. मुलगी पुन्हा धीर गोळा करायची, पुन्हा तो आवाज. भक्तीने हेडफोन काढले. डोळे भरून आले होते.

"काय झालं?" उल्हास घाबरला. "बंद करू?"

"त्या मुलीला किती बोलते रे मी... ती प्रयत्न तर करत होती." तिने ओढणीने डोळे पुसले. "घरात मला कधी कुणी असं बोललं नाही. आई नाही, आप्पा नाही. मीच कुठून शिकले?"

उल्हासने काही चेष्टा केली नाही. तिच्यासमोर शेंगांची पुडी सरकवली आणि तिच्याबरोबर शेंगा सोलत बसला. शेंग सोलता सोलता भक्तीच्या लक्षात आलं. हा माणूस आवडतोय आपल्याला... खरंच आवडतोय.

बदकबाईंचं काम मग सरसर पुढे गेलं. चॅनेलचे श्रीपादराव सोमवारी ऐकायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर वर्षभराचं काम. नाही तर स्टुडिओला टाळं आणि उल्हास पुण्याला परत. हे तो हसत हसत सांगायचा, म्हणून भक्तीला ते कधी खरं वाटलं नव्हतं.

शनिवारी ती वर गेली तर उल्हास यंत्रापाशी जमिनीवर बसला होता. चेहरा पांढराफटक.

"पुसली गेली," तो म्हणाला. "तुझी सगळी टेप. मी तिच्यावर बेडकांचं गाणं रेकॉर्ड केलं."

"सगळी?"

"एकूण एक. नालायक आहे मी. माणसं उगाच माझ्यावर विश्वास टाकतात. बाबा म्हणत होते, बँकेत लाग. लागायला हवं होतं. तुझी एवढी मेहनत... तू जा, भक्ती. माझ्याकडे बघूसुद्धा नकोस."

भक्तीला आधी धक्का बसला तो टेपचा नव्हे. हा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. जिन्यातला, तिचाच. इतके दिवस तो या माणसाच्याही आत चष्मा लावून बसला होता, आणि उल्हास मात्र दुसऱ्यांना हसवत फिरत होता.

ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. नाक दाबलं. "कुमार उल्हास. बेडकांचं गाणं तरी बरं आलंय का?"

त्याने मान वर केली नाही. "मस्करी नको, प्लीज."

"बरं, नाही करत." तिने नाक सोडलं. "माझ्या हातून पुसली गेली असती, तर मला काय म्हणाला असतास?"

त्याने यंत्राची वायर बोटाला गुंडाळली. मग पुटपुटला, "म्हणालो असतो... होतं असं. चहा पी. उद्या परत करू."

"मग हेच स्वतःला म्हण."

"मला नाही येत."

"मलाही येत नव्हतं. म्हण."

"होतं असं," उल्हास भिंतीवरच्या अंड्यांच्या ट्रेकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "उद्या... परत करू." आणि मग, जरा थांबून, "गाणं खरं तर फारच बरं आलंय."

रविवारी सकाळी भक्ती दिल्लीच्या कँटोन्मेंटमधून दोन बस बदलून आली. आईने, ठकूबाईंनी, दोघांना पुरतील एवढ्या भाकऱ्या बांधून दिल्या. दुसरं कोण, ते विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत बदकबाई पुन्हा बोलत्या झाल्या होत्या. आधीपेक्षा जरा मायाळू. खाष्ट होत्या, पण पोरांना रागावून झालं की पंखाखाली घेणाऱ्या.

सोमवारी श्रीपादराव आले. पहिली दहा मिनिटं ते अजिबात हसले नाहीत. उल्हासने भक्तीच्या खुर्चीचा हात धरला होता, मग चुकून भक्तीचाच धरला, आणि तिने तो चुकूनच राहू दिला. शेवटी बदकबाईंनी बेडकाला गाणं थांबवायला सांगितलं, आणि श्रीपादराव हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले. "अहो, या बाई," ते म्हणाले, "या आम्हाला वर्षभर लागतील."

संध्याकाळी दोघं बसस्टॉपवर उभे होते. थंडीतलं पिवळं ऊन रिकाम्या प्लॉटांवरून सरकत होतं. उल्हास एकदा खाकरला. दुसऱ्यांदा खाकरला.

"बदकबाई," त्याने सुरुवात केली, "तळ्याकाठच्या एका बेडकाचं असं म्हणणं आहे..."

"असं नको," भक्ती म्हणाली. "बेडकाने सांगितलंस तर मी हसेन आणि विषय संपेल. तू सांग."

त्याने मफलर सैल केला. कान लाल झाले होते. "तू मला आवडतेस. तू यायच्या आधी ती खोली नुसती खोली होती. आता... मला तुझ्याशिवाय तिथे बसवत नाही. हे नीट सांगता आलं नाही मला."

"नीट आलं," भक्ती म्हणाली. तिला वाटलं होतं तिचा आवाज कापेल. कापलाच. तिने कापू दिला. "मलाही आवडतोस तू."

समोर आलेल्या बसमध्ये दोघं चढले. कुठली बस, हे बघायचं भान दोघांनाही नव्हतं. घराच्या वाटेवरचा यमुनेचा पूल यायच्या ऐवजी मोहरीची शेतं लागली, तेव्हा कंडक्टरने सांगितलं की बस उलट्या दिशेच्या दादरीला चालली आहे.

भक्तीचा हात सवयीने कपाळाकडे गेला. उल्हास श्वास रोखून तिच्याकडे बघत होता.

"चुकलं," ती म्हणाली. खिडकीबाहेर पिवळंधमक शेत पळत होतं. "पण छान दिसतंय, नाही?"

दादरीच्या फाट्यावरच्या एसटीडी बूथमधून तिने घरी फोन लावला. उल्हास काचेच्या दाराबाहेर उभा होता.

"आप्पा, यायला उशीर होईल. चुकीच्या बसमध्ये बसले मी."

"एकटी हाईस?" सुभेदार मारुतरावांनी विचारलं.

"नाही. सोबत... एक जण आहेत. पुण्याचे. उल्हास नाव आहे."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"त्यो बी चुकून बसला, का जाणूनबुजून?"

भक्तीने काचेबाहेर पाहिलं. उल्हास थंडीने हात चोळत तिच्याकडेच बघत होता. तिने बघितलं तरी त्याने नजर काढली नाही.

"जाणूनबुजून, आप्पा," ती म्हणाली. "दोघंही."

"बरं," आप्पा म्हणाले. "मग त्यास्नी घरी जेवायला घिऊन ये. तुझ्या आईनं कालपास्नं दोनदा इचारलंय, भाकरी कुणाला पुरली म्हणून."