ओंजळीतलं लिंबू

अयोध्येचा नेम फार तर दोन हात चुकला असेल, पण तेवढ्यानं मोजणी खात्याच्या एका कारकुनाचा जीव जायची वेळ आली.

सास्तूर गावाच्या अलीकडच्या तळ्यात म्हशी सोडून ती काठावर उभी होती. हातात बांबूची काठी, काठीला दोरी आणि दोरीला गळाऐवजी लिंबू. ते बाभळीच्या फांदीखालून पाणकणसातल्या ताटाएवढ्या मोकळ्या जागेत टाकायचं, हा मरळ मासा धरण्यासाठीचा तिचा रोजचा सराव. फांदीपलीकडं कुणी ओंजळीनं पाणी प्यायला वाकलंय, हे तिला कसं दिसावं? लिंबू सुटलं ते थेट त्याच्या ओंजळीत!

लिंबाला दोरी आहे हे बघायला तो थांबलाच नाही. "करणी! करणी!" म्हणून मागं सरकला आणि चिखलात बसला.

"कुणी... कुणी मारलं लिंबू?"

"म्या." अयोध्या फांदीखालून पुढं आली. "पर तुमच्यावर न्हाय. मरळीवर."

"मरळीवर करणी?"

अयोध्येला हसू आवरेना. तो चिखलातूनच तिच्याकडं बघत राहिला, आणि मग त्यालाही हसू आलं.

त्याचं नाव गोरोबा. निजामाच्या वेळचे हद्दीचे दगड शोधायला महिनाभर गावात आलेला, मामाकडं उतरलेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तळ्यावर हजर. तळ्याचा तो एकच कोपरा त्यानं त्या आठवड्यात चार वेळा मोजला. सरकारी काम इतकं मन लावून करणारा माणूस गावानं पूर्वी पाहिला नव्हता.

एकदा तो म्हणाला, "मामा तुमच्या घरी माझ्यासाठी बोलणार हाय. चालंल का?"

चालण्याचा प्रश्नच नव्हता, अयोध्येला धावलंही असतं! पण मध्ये आबा होते.

तिचे आबा, गुंडाप्पा, म्हणजे मरळीमागं वेडे झालेले. त्या पाणकणसात एक थोरली मरळ राहायची, आबांची जुनी वैरीण. दोन वर्षांपूर्वी बैलानं ढुशी मारली तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा वर जाईना. पोरीनं गळ टाकला तर गाव हसंल, म्हणून तिला गळाला हात लावायची बंदी. मग त्यांनी जाहीरच करून टाकलं: जो त्या मोकळ्या जागेत नेमका गळ टाकील तोच जावई. आतापर्यंत दोन स्थळं येऊन गेली. एकानं बाभळीला गळ अडकवला, दुसऱ्यानं स्वतःच्या धोतराला.

"मग शिकवा मला," हे सगळं ऐकून गोरोबा म्हणाला.

"लांब फेकायला जोर लागतो, जवळ टाकायला अक्कल. दोरी काठीएवढीच ठिवा. लिंबू डाव्या हातात... वडा, काठी वाकू द्या... आता सोडा. सोडा म्हणलं की!"

"सोडवंना."

"काय सोडवंना?"

"तुमीच धरलंय न्हवं—"

त्याचं मनगट तिच्या मुठीत होतं. तिनं ते सोडलं, पण जरा सावकाशच.

आठव्या दिवशी दहातली नऊ लिंबं बरोबर पडली. अयोध्येनं खुशीत तांब्यातून जिवंत बेडकी काढली. "आता खरा गळ!"

गोरोबा पांढराफटक पडला. त्यानं कॉलर सैल केली, आणि आतून तुळशीची माळ बाहेर आली.

"माळकरी?"

"व्हय. आमी तेरकडचे वारकरी. मासा मारायचं सोडा, शिवत बी न्हाय."

"मग आठ दिस काय शिकत हुता?"

"तुमच्याजवळ हुबं राहायला," तो म्हणाला.

रागवावं की लाजावं, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बटण लावा. लगीन होईस्तवर कुणाला कळू द्यायचं न्हाय."

रविवारी निम्मं गाव तळ्यावर लोटलं. आबा घोंगडीवर बसलेले. त्यांनी बेडकी लावलेला गळ पुढं केला. गोरोबानं अयोध्येकडं पाहिलं... आणि वरचं बटण उघडलं.

"आबा, माझ्या गळ्यात माळ हाय. जीव मारणं माझ्यानं व्हायचं न्हाय. आन खोटं बोलून तुमची लेक न्यावी, असं बी वाटंना."

त्याच्या मामानं कपाळावर हात मारला. अयोध्येच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्याला तळ्यात ढकलावं, असं तिला वाटलं. आणि त्याच घटकेला पक्कं कळलं, की नवरा करीन तर हाच.

"मासा खात न्हाईस?" आबा म्हणाले.

"न्हाय."

"रस्सा बी?"

"तिच्या ताटातलं तिचं, माझ्या ताटातलं माझं. आन गळ तिला टाकू द्या. मला तिनंच शिकवलंय. नेम तिचाच खरा."

"आन गाव हसलं तर?"

"हसू द्या. माझ्या बायकोनं गळ टाकला तर मला चालतंय!"

'बायको' म्हणून गेल्याचं त्याला मागाहून कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. सगळं गाव हसलं. आबांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा पाणकणसाकडं, आणि काठी मुकाट्यानं लेकीच्या हातात दिली.

अयोध्येनं गळ डाव्या हातात धरून ओढला. काठी वाकली, सुटली. गळ फांदीखालून गेला आणि ताटाएवढ्या पाण्यात अलगद उतरला. क्षणभर काहीच नाही... मग पाणी फुटलं, काठीला असा हिसका बसला की अयोध्या गुडघ्यापर्यंत पाण्यात ओढली गेली. गोरोबा मागचापुढचा विचार न करता धावला आणि त्यानं तिला कमरेशी धरलं.

"धर, अयोध्ये!" आबा घोंगडीवरून उठून नाचायला लागले. "सोडू नगंस! असा पुन्हा मिळायचा न्हाय!"

गावाला वाटलं, ते मरळीबद्दलच बोलतायत. पण अयोध्येनं नीट ऐकलं होतं. मरळ असती, तर आबा 'अशी' म्हणाले असते.

"ऐकलं का?" ती धापा टाकत म्हणाली. "तुमाला म्हणाले ते."

"आन तुमचं काय म्हणणं?"

"माझं?" दोरी हाताला काचत होती, तरी ती हसली. "मी न्हाय सोडायची तुमाला. मरळ गेली तर गेली!"