मोरीपाशी बोललेला नवस

चैत्रातल्या शुक्रवारी, ऊन कलल्यावर, पूजाने ओटीचं ताट रुमालाने झाकलं आणि ती नवस फेडायला निघाली. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. काही म्हणून राहिलं नव्हतं. सोबतीला शेजारच्या तानुबाई होत्या.

घाटावर पोचल्या तर कृष्णामाई पार आटलेली. शेवाळ वाळलेले धोंडे, आणि मधल्या डबक्यांवर जलपर्णीची हिरवी गोधडी.

"हितं कुणाची वटी भरतीस बाई?" तानुबाई म्हणाल्या. "तुझ्या भाऊसोच्या प्लँटवर चल. वाहतं पाणी आता तेवढंच हाय."

"आवं, गटाराचं पाणी ते."

"व्हय, पर धुऊन निघालेलं. आपल्या दोघींपरीस सोवळं."

पूजाला हसू आलं. तिचा नवरा भाऊसो त्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावरच कामाला. साऱ्या गावच्या मोऱ्यांचं पाणी तिथल्या खोल विहिरीत पडायचं, मग टाक्याटाक्यांतून निवळत नदीला जायचं. गेल्या पावसाळ्यात पंप अडकला म्हणून भाऊसो विहिरीत उतरला आणि वायूने गुदमरून आतच कोसळला. निरोप आला तेव्हा पूजा मोरीत भांडी घासत होती. साबणाचे हात तसेच जोडून ती मोरीच्या तोंडाशीच बोलली होती, "आई, माझा माणूस वर येऊ दे. तुझी ओटी भरीन."

माणूस वर आला. सांगलीच्या दवाखान्यातून आपल्या पायांनी घरी आला. आता नवस अंगावर ठेवून कसं चालेल?

शेवटच्या टाकीशी चिटपाखरू नव्हतं. पाणी आरशासारखं निवांत, त्यात केशरी आभाळ उतरलेलं. ओल्या सिमेंटचा नि औषधाचा मंद वास. पूजाने हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि ओटी पाण्यात सोडली. नारळ तरंगायला हवा होता. पण कुणीतरी दोन्ही हातांनी घ्यावा, तसा तो अलगद खाली गेला.

मग काठाशी, तिच्या पावलांपाशी, चिमूटभर तांदूळ येऊन लागले. ओटी घेणारीने परत द्यायचे असतात, तसे.

पूजाचा ऊर भरून आला. तिने ते दाणे पदराला बांधले. सवाष्णीला निरोप देताना आपण म्हणतो, तेच सवयीने तिच्या तोंडून गेलं, "घरी या हं."

तानुबाई दोन पावलं मागे सरल्या. मग पुटपुटल्या, "पाण्याला घरी कोण बोलावतं, पोरी…"

रात्री जेवताना पूजाने भाऊसोला सगळं सांगितलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"आगं, एक सांगायचं ऱ्हायलं हुतं तुला. आत पडलो तवा माझा पाय कुणीतरी धरला हुता. बाईचा हात. वरनं गडी दोर वढून दमले… पर ती सोडंना. मग एकदम सोडला तिनं."

"का?"

"ठावं न्हाई. तिला कुणीतरी हाक मारल्यागत झालं…"

पूजा मोरीकडे बघत राहिली. नवस बोलताना तिने कृष्णामाईचं नाव घेतलं नव्हतं. कुणाचंच घेतलं नव्हतं. आई, एवढंच म्हणाली होती.

जाळीखाली पाणी गुडगुडलं. मागोमाग काचेच्या बांगड्या वाजल्या. नव्या, कोऱ्या.

पूजाला भीती वाटली, नाही असं नाही. पण ज्या हाताने आपलं कुंकू सोडून दिलं, तो हात वाईट कसा असेल? आणि आता तर बोलावलंय आपणच. तिने मोरीपाशी निरांजन लावलं, कुंकवाचा करंडा उघडून ठेवला, नमस्कार केला. त्या रात्री तिला फार गाढ झोप लागली; स्वप्नात सारखं पाणी वाहत होतं.

सकाळी करंडा रिकामा होता.

भाऊसो कामावर जायला पायरीवर बसला. मोजा चढवता चढवता थांबला. डाव्या घोट्याभोवती कुंकवाची बोटं उमटली होती, ओली.

पूजाने पदराने हळूच पुसलं. कुंकू गेलं. खालचं कातडं मात्र तसंच पांढरं, दबलेलं राहिलं… अजून कुणी धरून ठेवल्यासारखं.