गुरुवारची लाल रेघ

मैनाच्या उजव्या कानामागं टिकलीएवढी एक पट्टी चिकटवलेली होती आणि कराडात तिच्याकडं कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. २०६४ साली संगोपन-घरातल्या सगळ्याच मुलांना ती असायची. ज्यांचं स्वतःचं घर मोडलं अशा मुलांना काही काळ आपलं म्हणून सांभाळणारं कुटुंब, ते संगोपन-घर. पट्टीचं सरकारी नाव घेताना सरकारी माणसांचीच जीभ अडखळायची. लोक तिला हुरहूर-पट्टी म्हणायला लागले, आणि शेवटी लोकांचंच खरं ठरलं.

नशेची तलफ आभाळातून पडत नाही. मन सैरभैर व्हायच्या आधी मेंदूतली काही द्रव्यं घटतात, काही वाढतात, आणि त्याची खूण घामात उतरते. ही खूण पट्टीला चाळीस मिनिटं आधी कळायची. तिकडं नोंदीत लाल रेघ उमटायची, इकडं पालकाच्या हातातलं कडं गरम व्हायचं. पालकानं मग असेल ते काम टाकून मुलाजवळ जाऊन बसायचं. उपदेश करायचा नाही, एवढीच अट. आपल्याकडं लोकांना नेमकी तीच जड गेली.

हिराबाई मोहित्यांना मात्र ती जमली. चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेल्या बाई. गोंगाटात बोलून उपयोग नसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मैना चौदाव्या वर्षी त्यांच्याकडं आली तेव्हा रुमालावर थिनर ओतून हुंगायची. कडं दिवसातून सहा-सहा वेळा तापायचं. हिराबाई तिच्या शेजारी बसायच्या आणि तांदूळ निवडायला लागायच्या. थोड्या वेळानं मैनाचाही हात सुपात जायचा. दोन वर्षांत त्या घरात तांदळाला खडा म्हणून उरला नाही, आणि मैनाची रेघ हिरवी झाली.

फक्त गुरुवारी दुपारी चार ते सहा ती लाल व्हायची. दर गुरुवारी, न चुकता.

ही गोष्ट लक्षात आली डॉ. ऋजुता केळुसकरच्या. ती पुण्यात एका संस्थेत पोस्ट-डॉक होती. पीएच.डी. झालेली आणि कायमची नोकरी न लागलेली, अशा मधल्या काळाला पोस्ट-डॉक म्हणतात. साखरपुडा झालाय पण तारीख ठरत नाही, तसं ते असतं. साठ संगोपन-घरांतली मुलं नशेपासून दूर राहतात का, हा तिचा विषय. नियम असा होता की सलग सहा महिने रेघ हिरवी राहिली की मूल स्थिर समजायचं आणि युवा-निवासात हलवायचं, म्हणजे ते घर पुढच्या मुलाला मिळतं. लाल दिसली तर मुक्काम तीन महिने वाढायचा. मैनाचा मुक्काम असा तीनदा वाढला होता.

ऋजुताला काळजी वेगळीच लागली. गुरुवारच्या त्या दोन तासांत पट्टी सांगत होती की या देहात सकाळपासून अन्न गेलेलं नाही. नशा भूक मारते. पोरगी पुन्हा काही हुंगायला तर लागली नाही? पुढच्याच गुरुवारी, न कळवता, ती कराडला जाऊन धडकली.

गिरणी बंद होती. हिराबाई पायरीवर एकट्याच बसल्या होत्या.

"मैना कुठाय?"

"नदीला, पवायला. गुरवारी तिचा मास्तर शिकवतो. या, बसा डॉक्टरीणबाई."

"आणि पट्टी?"

हिराबाईंचा हात आपसूक स्वतःच्या कानामागं गेला. पट्टी तिथंच होती.

"अहो, पोहताना काढली की डबीत ठेवायची असते ती!"

"डबीत गार पडती की ओ. विरजणागत ऊब लागत आसंल, म्हणून पयल्यांदा मी लावली. सरकारी वस्तू, आपल्या हातानं वाया नको."

पट्टी अंगाची ऊब लागताच कामाला लागायची. कुणाचं अंग, हे ती विचारायची नाही. मुलांवर पाळत नको म्हणून ती ओळख मुद्दामच ठेवलेली नव्हती.

"तुमचा आज उपवास आहे का?" ऋजुतानं विचारलं.

"गुरवार न्हवं का. सांजचा दिवा लावल्याबिगर पाण्याशिवाय कायबी घेत न्हाई मी."

हरवलेली भूक सापडली. ऋजुताला हसू फुटणार होतं, पण तिनं आवरलं. "पहिल्यांदा ऊब म्हणून लावलीत. नंतर?"

"नंतर पत्र आलं, मुक्काम वाढला म्हणून. मग मी जाणून लावली." हिराबाईंनी नजर चुकवली नाही. "लबाडी हाय. मला ठावं हाय."

"पण रेघ लाल कशी होते? तुम्ही मिश्री वगैरे लावता?"

"मिशरीसुदिक न्हाई. हितं बसती निस्ती. घर सुनं आसतं. पोरगी गेल्यावर आसंच आसंल, एवढंच मनात येतं."

ऋजुता त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. "हिराबाई, मेंदूत नशेच्या तलफेसाठी वेगळी जागा नसते. तान्हं मूल आईसाठी ज्या वाटेनं रडतं ना, त्याच वाटेनं ती येते. माणूस नसण्याचं दुःख आणि थिनर नसण्याचं दुःख, आत दोन्ही एकच."

"म्हंजी गिरणीगत. गहू घाला न्हाईतर जुंधळा, पट्टा त्योच फिरतो."

"हे सांगायला मला दोनशे पानं लागली," ऋजुता म्हणाली.

तेवढ्यात मैना आली. ओले केस, डोळे लाल, पोटात कावळे. दोघींचे चेहरे बघून तिला काय ते कळलं. तिनं स्वतःच हिराबाईंच्या कानामागची पट्टी काढून आपल्याला लावली. ऋजुतानं हातातल्या यंत्रावर पाहिलं. रेघ हिरवीगार होती. सोळा वर्षांची एक सुखी, भुकेली मुलगी. बाकी काही नव्हतं.

म्हणजे खरं लिहिलं तर मैना जाणार. खोटं लिहावं तर साठ घरांच्या कामाला कीड. ऋजुताला त्या क्षणी आपल्या कामाचा अगदी मनापासून राग आला.

"खरं लिवा," हिराबाई म्हणाल्या. "तुमच्या खोट्यावर ऱ्हायल्याली पोरगी मला गोड लागायची न्हाई. पर जरा सावकाश लिवा."

ऋजुतानं सावकाश लिहिलं. आधी तिनं उरलेल्या एकोणसाठ घरांतल्या पालकांना विनंती केली: मूल बाहेर गेलं की तासभर पट्टी तुम्ही लावा. ज्या घरांत मूल हिरवं झालं होतं, त्यांतल्या बहुतेक घरांत पालक लाल निघाले. मुलांची हुरहूर संपलीच नव्हती. शेजारी बसून बसून मोठ्यांनी ती आपल्या अंगावर घेतली होती. तिनं अहवालात तसंच लिहिलं, गुरुवारच्या उपवासासकट.

समितीत समजूतदार माणसं होती, असंही कधी कधी घडतं. दोन महिन्यांत नियम बदलला. पालकाची रेघ लाल असेल, तर त्याचा आधार, म्हणजे ते मूल, हलवायचा नाही. दर तीन महिन्यांनी तपासायचं. हिराबाईंना त्यांची स्वतःची पट्टी मिळाली. सोबतच्या कागदावर 'रुग्ण' या शब्दापुढं हिराबाईंचं नाव होतं आणि 'उपचार' या शब्दापुढं मैनाचं.

मैनानं कागद दोनदा वाचला. "मावशे, म्हंजी आता मी तुझं थिनर व्हय?"

"व्हय बाई. पर वास बरा हाय तुझा."

दोघी इतक्या हसल्या की दळणाला आलेली माणसं आत डोकावली. त्या दिवशी घरात पुरण शिजलं.

आणि मग एक अडचण आली. हिराबाई सुखी झाल्या. पोरगी आपलीच आहे हे मनात मुरलं, आणि गुरुवारी पायरीवर बसून त्यांना नुसती झुळूक लागायला लागली. रेघ पोपटी झाली, मग हिरवी. तपासणीला एकच गुरुवार उरला, आणि तेव्हाही ती हिरवीच निघाली तर मैना जाणार होती.

त्या गुरुवारी मैनानं पोहायची पिशवी उचलली आणि दारात थांबली. "मावशे, आज नदीवरनं मी तशीच दुसरीकडं जाती. जेवायला न्हाई यायची. मुक्कामालाबी न्हाई कदाचित."

हिराबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "जा. कुठं जातीस त्ये मला सांगू नगंस, म्हंजी बरं."

"यील मी," मैना म्हणाली.

"आत्ता तसं म्हणू नगं."

पुण्यात ऋजुता पडद्यापुढं बसली होती. चार वाजले, साडेचार. रेघ हिरवी. पाचला ती थरथरली, पिवळी झाली, आणि सव्वापाचला लालभडक होऊन वर चढली. कराडात एक उपाशी बाई पायरीवर बसून रस्त्याकडं बघत असणार.

ऋजुतानं सुटकेचा श्वास टाकला. रेघ आणखी थोडी चढावी म्हणून ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.