आडवी दांडी

संघपाल त्या दुपारी फक्त तेलाची बाटली आणायला गेला होता. घरातला पितळी कॉक आठवडाभरापासून कुरकुरत होता, आणि जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर राहिलेल्या माणसाला कुरकुरणारा कॉक सहन होत नाही.

हा कॉक पाण्याचा नव्हता. मागच्या खोलीत त्याच्या पोरीनं, अक्षतानं, अख्खं विमान मांडलं होतं. भंगारातून आणलेल्या एसटीच्या दोन सीटा, समोर संगणकाचे तीन पडदे, पायाशी पत्र्याची पेडलं आणि सीटांच्या मधोमध इंधनाचा कॉक. तो तिनं बापाकडून हट्टानं बसवून घेतला होता. दांडी सरळ म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. उड्डाणशाळेत जे उड्डाण करायचं, ते सुट्टीत घरी आली की ती आधी इथं करायची. बाप मागे स्टुलावर बसून यादी वाचायचा, "इंधन?", आणि ती दांडीला हात लावून मगच म्हणायची, "उघडं." हात लावल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा तिचा नेम.

नऊ महिन्यांपूर्वी खरं विमान शेतात पडलं. अक्षता गेली. शेजारच्या सीटवर बसून तिला शिकवणारे मिथुन सर पाय मोडून वाचले. इंधनाचा कॉक बंद सापडला. सरांनी जबाब दिला की पोरीला घरच्या खेळाची सवय, तिनंच चुकून बंद केला. चोराच्या उलट्या बोंबा! पण मेलेलं माणूस जबाब देत नाही, म्हणून वाचलेल्याचाच खरा धरला गेला.

तेव्हापासून संघपाल रोज दुपारी तीनला, तिच्या शेवटच्या उड्डाणाच्या वेळेला, तेच उड्डाण लावायचा. दांडी आडवी ठेवायचा आणि यादी वाचायचा. त्याच्या बायकोनं, बेबीनंदानं, त्या खोलीत पाय टाकणं सोडलं होतं. का सोडलं ते ती सांगत नव्हती आणि तो विचारत नव्हता.

तेल घेऊन परतला तर दारात गाडी, आणि गाडीपाशी लंगडत उभे मिथुन सर.

"काका, एवढी सही करा. मला आजच परत पोचायचंय. उद्या तीनला उड्डाण आहे."

कागदावर लिहिलं होतं, 'मुलगी घरी विमानाचा खेळ खेळत असे. त्यात इंधनाचा कॉक नव्हता, म्हणून खऱ्या कॉकची तिला समज नव्हती.'

संघपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज त्यानं खालीच ठेवला.

"करतो सही. बिलकुल करतो. आधी तो खेळ बघा तर."

"काका, मला वेळ नाही..."

"बसा म्हणलो ना!"

सर उजव्या सीटवर बसले. डावी सीट रिकामी होती, तिच्यावर अक्षताचा हेडफोन. पडदे उजळले, इंजिनाची घरघर सुरू झाली. बंद खोलीत धुळीचा वास होता, आणि त्याच्याखाली हळूहळू दुसरा एक वास वर येत होता, पेट्रोलचा.

संघपालनं यादी हातात घेतली. "इंधन?"

कुर्र... दांडी आडवी होती ती सरळ झाली. तिला कोणाचाही हात लागला नव्हता.

"हे... हे कोणी फिरवलं?"

"रोजच फिरतं," संघपाल म्हणाला. "माझी पोरगी चुकत न्हाई सर. तवाबी चुकली न्हवती."

विमान वर चढलं. खाली शेतं लहान होत गेली. एका ठिकाणी सरांचा डावा हात मांडीवरून उठला. ते उजव्या हातानं मनगट धरून मागं ओढत होते, कपाळावर घाम फुटला होता, तरी तो हात गेला आणि त्यानं दांडी आडवी केली. इंजिन गुदमरलं. मग नुसता वारा.

"मी फक्त... ती काय करते ते बघत होतो," सर पुटपुटले. "आम्ही घेतो अशी परीक्षा... मधेच बंद करून. मी लगेच उघडणार होतो काका... दांडी फिरेचना..."

"मंग जबाबात काहून न्हाई सांगितलं तू?" संघपालनं सीटची पाठ धरून गदागदा हलवली. "माझ्या मेलेल्या लेकराच्या नावावर टाकलंस! नऊ महिने मी लोकांची बोलणी खाऊन राह्यलो!"

सर धडपडत उठले आणि पळाले. कागद तिथंच राहिला. संघपालनं तो टराटरा फाडला. राग उतरला नाही, पण नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॉकला तेल घातलं. दांडी लोण्यात फिरावी तशी फिरू लागली. ती आडवी ठेवून त्यानं तीनला यादी उघडली.

"इंधन?"

दांडी हलली नाही. त्यानं पुन्हा विचारलं. पेट्रोलचा वासही नव्हता. खोलीत कोणी नव्हतंच.

मग कुठं गेली पोरगी?

उद्या तीनला उड्डाण आहे, हे सरांचे शब्द त्याला आठवले. पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. भोग म्हणावं, मर. आणि मग आठवलं की मिथुन सर उजव्या सीटवर बसतात, डावीकडे शिकणारं कोणीतरी असतं.

त्यानं सरांना फोन लावला. बंद. तिथला कॉक आता तिच्या हातात असणार, म्हणून त्यानं इथली दांडी पकडून सरळ केली. ती त्याच्या मुठीत परत फिरायला लागली. त्यानं दुसराही हात घातला.

"अक्षू... सोड, बाई. डाव्या सीटवर दुसऱ्याचं लेकरू हाय..."

डाव्या सीटवरच्या हेडफोनमधून एका अनोळखी मुलीचा बारीक आवाज आला. ती यादी वाचत होती.

"इंधन?"

"उघडं!" संघपाल जीव खाऊन ओरडला. "उघडंच हाय!"

त्याच्या दोन्ही हातांखाली, तेल घातलेली दांडी जराही न कुरकुरता आडवी होत होती.